काचेमागचं पिल्लू

"मामा, सांगायची तर खरी सांगा. मागच्या वेळेसारखं शेवटी 'आणि मग मला जाग आली' असं नको."

भाचरं हसली. जेवणं उरकली होती, वीज गेली होती, आणि गच्चीवर अंथरुणं टाकून सगळी मामांभोवती गोळा झाली होती. मामा म्हणजे जन्मभर रंधा मारलेला माणूस. काम सुटून बरीच वर्षं झाली तरी बोलता बोलता हाताशी येईल ती लाकडी कड चाचपून बघायची सवय काही सुटली नव्हती. त्यांनी उशी पाठीशी ओढून घेतली.

"ही झोपेतली नाही," ते म्हणाले. "ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्या डब्यातलं मी खाल्लंय. आणि शेवटचं जे आहे ना, ते या दोन डोळ्यांनी बघितलंय. कुणाला पाणी प्यायला खाली जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मग जायची हिंमत व्हायची नाही."

कुणी उठलं नाही. मामांनी सुरुवात केली.

मी संग्रहालयात सुतार होतो तेव्हा तिथं एक माणूस होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. औषधाचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. मेलेल्या जनावराचं कातडं कमवायचं, त्यात भुसा भरायचा, काचेचे डोळे बसवायचे आणि ते जनावर आत्ता उडी मारेल असं उभं करायचं, हे त्याचं काम. "माझे पेशंट फार समजूतदार," तो म्हणायचा. "आजवर एकानंही तक्रार केली नाही." लोकांना हसवायचा. पण दुपारी डबा उघडला की जिन्याखाली एकटाच जाऊन बसायचा. मीच मग माझा डबा घेऊन तिकडे जायचो.

त्याची बायको तापानं गेली, तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती. एकट्या बापानं काय करायचं? मावशीनं तिला आपल्याकडे नेलं. दोन-अडीच तासांचा बसचा प्रवास. आधी डॉक्टर दर रविवारी जायचा. मग एक आड एक जायला लागला. मग काही ना काही कामं निघायला लागली. मला म्हणाला होता, "मागच्या खेपेला मी फोन केला, तर पोरीनं उचलला आणि आत हाक मारली, 'आई, बाबांचा फोन आहे.' मावशीला आई म्हणायला लागली रे." आणि हसला. डॉक्टर असा हसला की मला त्याच्याकडे बघवत नसे.

तेव्हा आमच्याकडे नवीन दालन होत होतं. आपल्या परिसरातल्या प्राण्यांचं. माळरानाचा देखावा, डोंगराचा देखावा आणि सगळ्यात मोठा नदीचा. संग्रहालयाच्या मोठ्या बाई त्यासाठी दिवसरात्र झटत होत्या. त्या म्हणायच्या, "मुलांना सिंह माहीत आहे, पेंग्विन माहीत आहे. आपल्या नदीत कोण राहायचं ते विचारा. गप्प. यातलं एक गेलं की दुसऱ्याचा आधार जातो, हे त्यांना दिसलं पाहिजे." खरं होतं त्यांचं. आमचा शिपाईच पाणमांजराला बघून म्हणाला होता, "मुंगूस एवढं लठ्ठ कशानं झालं हो?"

हो, पाणमांजर. नदीच्या देखाव्यात पाणमांजरांचं कुटुंब होतं. आता एक गोष्ट सांगतो, ती बाहेर कुणाला ठाऊक नसते. संग्रहालयातली कुटुंबं खरी नसतात. नर एकीकडून मिळतो, मादी दुसरीकडून, पिल्लू तिसरीकडून. जिवंतपणी त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. रंगानं, मापानं जुळली की ठेवायची शेजारी. वर पाटी, 'कुटुंब'. आमचा नर कोठीत पडून होता, माझ्या जन्माच्या आधीपासून. मादी एका प्राणिसंग्रहालयात म्हातारी होऊन मेलेली. आणि पिल्लू...

पिल्लू आपल्याच नदीचं होतं. एका मच्छीमाराच्या जाळ्यात अडकून बुडालं. तो बिचारा ओल्या पोत्यात घेऊन आला. म्हणाला, "याची आई काठावर फिरतेय हो. शिट्ट्या मारतेय. मला रात्री झोप लागत नाही." पाणमांजराची मादी पिल्लाला शिट्टी मारून बोलावते. बारीक, लांबट. मग थांबते, पिल्लाच्या उत्तरासाठी. पुन्हा शिट्टी.

त्यानंतर काही दिवसांनी रस्त्यावरच्या कामगारांनी मादी आणली. ट्रकखाली सापडलेली. नदीपासून शहराकडे येतो ना, त्या रस्त्यावर. पाणमांजर पाणी सोडून एवढं लांब येत नाही. कामगार म्हणाले, तिचं तोंड शहराकडे होतं.

कातडं कामाचं राहिलं नव्हतं. डॉक्टरनं तिला संग्रहालयाच्या मागच्या अंगणात, भिंतीलगत पुरलं. आणि पिल्लाशेजारी ती प्राणिसंग्रहालयातली मादी ठेवली. रंग जुळत होता.

"मामा," धाकटी भाची मधेच म्हणाली, "त्यांना माहीत होतं ना, ती खरी आई नाही ते?"

"माहीत होतं. त्याचं कामच ते होतं. ऐक आता."

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रविवारी सकाळी उद्घाटन. देखाव्यातल्या काठासाठी थोडी वाळू कमी पडत होती, म्हणून संध्याकाळी डॉक्टर सायकलला पिशवी अडकवून नदीवर गेला. नदी म्हणजे कसली, वरच्या रंगाच्या कारखान्यांचा फेस नुसता. पाण्याला आवाज नाही, काठाला पक्षी नाही. पिल्लू सापडलं त्याच वळणावर जरा बरी वाळू होती. त्यानं वरची कोरडी वाळू पिशवीत भरली आणि माघारी फिरला.

रस्त्यात त्याला दोनदा वाटलं, मागून कुणीतरी येतंय. वळून बघितलं. रस्ता रिकामा. संग्रहालयात पोचला तर पिशवी ठिबकत होती. मीच ओरडलो त्याला, "अरे, फरशी आत्ताच पुसलीय!" तो म्हणाला, "कोरडी भरली होती रे." मी म्हटलं, "डॉक्टर, चष्मा बदला."

वाळू पसरली. मागची फळी मी स्वतः स्क्रूनं आवळली, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून रंगाचा हात मारला. आत कसर, म्हणजे कातडं खाणारा किडा, शिरू नये म्हणून असं करावं लागतं. मुंगीलाही वाट ठेवली नाही. पुढून अखंड काच. आत पिवळसर दिवा, संध्याकाळ झाल्यासारखा. नर खडकावर, मादी काठावर, तिच्या पोटाशी पिल्लू. छान दिसत होतं.

मी हत्यारं आवरत होतो तेव्हा त्याला फोन आला. पोरीच्या मावशीचा. मी तिथंच होतो, ऐकू येत होतं. मावशीच्या नवऱ्याची बदली झाली होती, पार दुसऱ्या टोकाला. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. "भावोजी, एकदा काय ते ठरवा," ती म्हणत होती. "तिला न्यायची तर आम्ही आमच्याच पोरीसारखी नेणार. मग मधेच ये म्हणून तिला बोलवायचं नाही. पोरीचे हाल होतात हो त्यात. सकाळपर्यंत सांगा."

डॉक्टर "हो ताई, हो ताई" करत राहिला. फोन ठेवून मला म्हणाला, "नेऊ दे. तिला तिकडे आई आहे, बाप आहे, शाळा आहे. माझ्याकडे काय आहे? भुसा आणि काचेचे डोळे."

मी म्हटलं, "घरी चल, जेव." म्हणाला, "घरी कोण आहे? बाईंनी कुणीतरी थांबा म्हटलंय, रंग ओला आहे, दिवे नवीन आहेत. मीच थांबतो." मी निघालो. जाताना वळून बघितलं तर तो बाकावर चादर अंथरत होता, आणि अख्ख्या दालनात ते बाक तेवढं माणसाच्या कामाचं होतं. बाकी सगळीकडे डोळे.

पुढचं त्यानं मला सांगितलं. एकदाच. परत कधी नाही.

साडेअकरा झाले असतील. झोप येत नव्हती. मोठे दिवे बंद, नुसता नदीच्या देखाव्यातला दिवा चालू. त्याच्या उजेडात माळरानावरचा कोल्हा अर्धा दिसत होता. डॉक्टर फोन हातात घेऊन पडला होता. सकाळी काय बोलायचं ते मनात जुळवत होता. 'ताई, तुम्हीच घेऊन जा.' एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

बारीक. लांबट. मागच्या अंगणातून.

त्याला वाटलं, वॉचमन असेल. पण वॉचमन फाटकावर असतो, पुढच्या बाजूला. अंगणात कुणी नसतं. मग वाटलं, एखादा पक्षी. कान देऊन पडून राहिला.

पुन्हा शिट्टी. आता भिंतीच्या अलीकडे.

आणि त्यानंतर... थांबणं. तो म्हणाला, "शिट्टीची नाही रे भीती वाटली. मधल्या थांबण्याची वाटली. कुणीतरी कान देऊन उभं आहे, असं ते थांबणं होतं."

मग वास आला. ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, मासळीचा. नदीचा वास. आजच्या नदीचा नाही, आजच्या नदीला रंगाचा वास येतो. हा तो लहानपणी पोहायला जायचा तेव्हाचा वास.

डॉक्टर उठून बसला.

लांब, दगडांच्या दालनात, फरशीवर काहीतरी वाजलं. चप... चप... चप. ओले, छोटे पाय. थांबले. शिट्टी. वाट बघणं. पुन्हा चप... चप. आता नाण्यांच्या दालनात. प्रत्येक दालनात थांबत, विचारत, पुढे.

त्यानं टॉर्च लावली. दारात कुणी नव्हतं. फरशी कोरडी.

आवाज मात्र आत आला.

त्याच्या बाकाजवळून गेला. पायाला गार लागलं. तो पाय वर घेऊन बसला, लहान मुलासारखा. टॉर्च हातातून सुटून घरंगळली आणि विझली.

चप... चप...

काचेपाशी थांबलं.

कर्र्र. नख काचेवर ओढल्यासारखं. हळूच. परत. कर्र्र. काचेच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वाट शोधत. काचेत त्याला फक्त पिवळा दिवा दिसत होता, आणि आत ती तिघं. नर वर बघत होता. मादी समोर बघत होती. जशी ठेवली होती तशीच.

शिट्टी.

...

शिट्टी.

...

किती वेळ चाललं कोण जाणे. दर वेळी तेवढंच थांबणं. ना राग, ना घाई.  शेवटी त्याला राहवेना. अंधारात, समोर कुणी दिसत नसताना, तो बोलला.

"बाई गं... ते नाही आता. गेलंय ते. मीच भुसा भरलाय त्यात. ते तुला ओ नाही देणार. जा तू. नको थांबूस."

शांत झालं. सगळंच. वास तेवढा राहिला.

मग पुन्हा शिट्टी. अगदी हळू. काचेला नाक लावून मारल्यासारखी.

आणि थांबणं.

आणि...

मामा थांबले.  खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा उजेड भिंतीवरून सरकून गेला.

"आणि काय, मामा?"

"आणि काचेच्या आतून उत्तर आलं," मामा म्हणाले. "चिर्रर्र. एवढंसं. झोपेतून उठलेलं पिल्लू करतं तसं."

डॉक्टर पळाला नाही. लोक मला विचारतात, पळाला कसा नाही? तो म्हणाला, "पळू कुठे? मला त्या आवाजापासून लांब जायचंच नव्हतं." तो तोंडावर हात घेऊन बाकावर बसून राहिला. मग थोड्या वेळानं आवाज थांबले. चप चप परत गेलं नाही. कुठेच गेलं नाही. नुसतं थांबलं.

आणि त्यानं तशा अपरात्री फोन लावला.

"भावोजी? एवढ्या रात्री? बरे आहात ना?"

"ताई, ती झोपलीय?"

"कधीच झोपलीय. तुमचा आवाज असा का येतोय? काय झालं?"

"ताई, तिला नेऊ नका. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो."

 मग ती म्हणाली, "जमेल तुम्हाला? वेणी घालायची असते, डबा असतो, आजारपण असतं. रागावू नका, पण तुम्हाला स्वतःचं जेवण जमत नाही."

"नाही जमणार," डॉक्टर म्हणाला. "पण येतो."

ती रडायला लागली. रडतच म्हणाली, "मला आई म्हणते हो ती. मी जीव लावलाय तिला. पण रविवारी रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून खिडकीत जाऊन बसते. तुम्ही येत नाही. संध्याकाळ होते. मग गपचूप येऊन जेवते. कधी विचारत नाही... तुम्ही या. मी तिची बॅग भरते."

उजाडायच्या आत डॉक्टर बसस्टँडवर होता. दालनाची किल्ली वॉचमनकडे दिली. काचेकडे वळून बघितलं नाही, असं त्यानं मला शपथेवर सांगितलं.

इकडे सकाळी मोठ्या बाईंचा पारा चढलेला. "ज्यानं सगळं केलं तोच गायब! पाहुण्यांना माहिती कोण सांगणार?" मलाच उभं केलं. मी काय सांगणार? ही फळी सागाची आहे? कशीबशी फीत कापली, भाषण झालं, शाळेची पोरं आत सुटली. सगळी धावली ती नदीच्या देखाव्याकडे. तिथंच गर्दी, तिथंच गलका.

एक पोरगी माझा शर्ट ओढून म्हणाली, "काका, तो मासा खरा आहे?"

मी म्हटलं, "कुठला मासा गं? मासा नाही त्यात."

गर्दीतून वाट काढून पुढे गेलो. पिल्लासमोर, वाळूवर, मासा होता. वीतभर. चंदेरी, शेपटीला तांबूस छटा. अर्धा खाल्लेला. आणि ओला.

बाई खूश. "बघा, डॉक्टरांनी शेवटच्या क्षणी काय सुंदर भर घातलीय! किती जिवंत वाटतोय!"

मी कामाचं निमित्त करून मागच्या बोळात गेलो. फळीवर बोट फिरवलं. स्क्रू जागच्या जागी. लांबी घट्ट. रंगाला केसाएवढी चीर नाही. माझंच काम, मला कळणार नाही?

लोक गेल्यावर बाईंना खरं सांगितलं. आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर फळी उघडली. आतून नदीचा वास आला. मासा बाहेर काढला, तर खवल्यांवरून पाणी निथळत होतं. अख्खा दिवस दिव्याच्या उबेत राहून. बाईंनी कॉलेजातल्या माशांच्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी मासा उलटापालटा केला आणि विचारलं, "कुठून आणलात? कारखाने आले आणि हा मासा इथून संपला. माझ्या विद्यार्थ्यांनी हा फक्त चित्रात पाहिलाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे.

डॉक्टर मंगळवारी कामावर आला. पोरगी बोटाला धरून. एकीकडची वेणी वर, एकीकडची खाली. मी म्हटलं, "ही कुणी घातली?" पोरगी म्हणाली, "बाबांनी. हसू नका, त्यांना वाईट वाटतं." त्याला मासा दाखवला. मला एवढंच म्हणाला, "ती मादी तिथून काढ. दुसऱ्या खडकावर ठेव. पिल्लाशेजारची जागा मोकळी राहू दे." तशी ती ठेवली. पाटीवरचा 'कुटुंब' शब्दही बाईंनी काढायला लावला. आजही जाऊन बघा, पिल्लाशेजारी रिकामी वाळू आहे. लोकांना वाटतं, काहीतरी ठेवायचं राहिलंय.

पोरीचं लग्न झालं, डॉक्टर आता नातवंडांत असतो. मावशी दर सुट्टीत येते, पोरगी अजून तिला आईच म्हणते. ते सगळं चांगलं झालं.

"आणि मासा?" थोरल्या भाच्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"मासा बरणीत आहे. स्पिरिटमध्ये. कोठीत, वरच्या फळीवर. मी गेलो की बघून येतो."

मामांनी खाली बघितलं. बोटांनी उशीची शिवण चाचपली.

"डॉक्टर आला त्याच दिवशी प्राध्यापक परत आले आणि त्यांनी तो भिंगाखाली धरला. म्हणाले, हा दोघांनी खाल्लाय. पाठीकडून मोठे दात लागलेत, कुणीतरी तोडून दिल्यासारखे. आणि पोटाकडच्या मऊ भागाला बारीक दात. दुधाचे. पिल्लाचे. मला म्हणाले, तुम्हीही बघा. मी बघितलं. अगदी बारीक, ओळीनं... मग मी डॉक्टरकडे बघितलं. तो पांढरा पडला होता."

"का?"

"अरे, भुसा भरताना कवटी काढून वेगळी ठेवतात. दात तिच्यातच राहतात. पिल्लाची कवटी आमच्या कपाटात होती, कुलपात, कापसात गुंडाळलेली. डॉक्टरनं तिथल्या तिथं जाऊन कपाट उघडलं. कापूस उलगडला."

मामांनी उशी बाजूला ठेवली.

"दातांत खवला अडकला होता."